सदतिसाला एक

सह्याद्री चढणाऱ्या रेल्वेमार्गांचं सगळं दुखणं एका आकड्यात आहे: ३७ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. चालणाऱ्या माणसाला हा चढ जाणवणारही नाही आणि मालाने भरलेला ट्रक त्याला घाट म्हणणार नाही. पण भारतीय रेल्वेच्या मोठ्या मार्गांवर यापेक्षा उभा चढ शोधून सापडणं कठीण. कर्जत ते लोणावळा हा बोरघाट, कसारा ते इगतपुरी हा थळघाट आणि गोव्याच्या हद्दीवर कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट, या तिन्ही ठिकाणी तो आहे. या तीन घाटांतून कोळसा, सिमेंट, खत, पोलाद, धान्य आणि कंटेनर जातात. देशावरच्या कारखान्याला आणि शेतकऱ्याला समुद्र किती दूर पडतो हे नकाशावरच्या किलोमीटरांपेक्षा हा आकडाच जास्त ठरवतो.

रेल्वेची सगळी ताकद पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यातल्या अत्यल्प घर्षणात आहे. सपाटीवर एक टन वजन चालतं ठेवायला जेमतेम दोन-तीन किलोचा जोर लागतो, म्हणून एकच इंजिन चार-पाच हजार टनांची गाडी ओढू शकतं. चढ लागला की हे गणित कोसळतं. ३७ला १च्या चढावर दर टनामागे हजार भागिले सदतीस, म्हणजे २७ किलोचा जोर नुसत्या उंचीपायी वाढतो. दहापट भार म्हणा ना! पाच हजार टनांची गाडी या चढावर नुसती धरून ठेवायची तरी १३५ टनांची ओढ हवी. आज मालवाहतुकीत सर्रास दिसणारं सहा हजार अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-९ इंजिन सुरुवातीच्या क्षणाला साधारण ४७ टनांची ओढ देतं. तीन इंजिनं लावली, तर गाडी कशीबशी जागेवर उभी राहील. हलवायची असेल तर चौथं हवं. हीच गाडी १५०ला १च्या चढावर ३३ टन मागते आणि २००ला १वर २५ टन. म्हणून रेल्वेचा अभियंता नव्या मार्गाविषयी आधी विचारतो तो ‘रूलिंग ग्रेडियंट’, त्या टप्प्यातला राज्य करणारा चढ. शंभर किलोमीटर सपाट असले आणि पाचच किलोमीटर उभे असले, तरी गाडीचं वजन त्या पाच किलोमीटरांवरच ठरतं.

हा आकडा आपल्या गळ्यात पडला १८५०च्या दशकात. मुंबई-ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेपुढे खरा प्रश्न होता तो सह्याद्रीचा. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने बोर आणि थळ या दोन्ही घाटांची पाहणी करून मार्ग आखले. बोरघाटाचं काम १८५६मध्ये सुरू झालं आणि १८६३मध्ये मार्ग खुला झाला. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढण, २५ बोगदे. थळघाट १८६५मध्ये सुरू झाला. नऊ-साडेनऊ मैलांत ९७२ फूट चढण. बर्कली स्वतः १८६२मध्येच वारला, त्याला घाटातून गाडी जाताना बघायला मिळाली नाही. बोरघाटाचा पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या काळात थकलेल्या मजुरीवरून दंगल झाली. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये येताच काही आठवड्यांत वारला आणि मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट हाती ठेवून काम तडीस नेलं. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. त्यांतले हजारो पटकीने, तापाने आणि अपघातांनी मेले. त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत.

चढ इतका उभा का ठेवला, असं विचारणं आज सोपं आहे. डायनामाइटचं पेटंटच १८६७चं आहे. बोरघाटातला कातळ हाताने पाडलेल्या भोकांत साधी बंदुकीची दारू भरून फोडलेला आहे. अशा वेळी बोगदा जितका कमी तितकं बरं, आणि बोगदे टाळायचे तर डोंगराच्या अंगाअंगाने उभं चढायचं. त्या काळच्या हलक्या गाड्यांना ते परवडतही होतं. दोन्ही घाटांत एकेका जागी गाडी पुढे जाऊन थांबायची आणि उलट दिशेने वर निघायची. ती रिव्हर्सिंग स्टेशनं थळघाटात १९१८ला आणि बोरघाटात १९२९ला मोडीत निघाली. त्याच सुमारास वीज आली आणि १९३०पर्यंत दोन्ही घाटांचं विद्युतीकरण झालं. घाटासाठी स्वित्झर्लंडच्या डोंगरी अनुभवातून घडलेली, मधोमध लवचीक सांध्यांची इंजिनं आणली. रेल्वेतल्या लोकांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटलं. इंजिनं बदलली, मग वीजप्रवाहही डीसीचा एसी झाला. चढ मात्र बर्कलीने आखला तोच आहे.

कर्जत किंवा कसारा स्टेशनाच्या टोकाला उभं राहिलं की या चढाची रोजची किंमत दिसते. घाट चढणारी गाडी येऊन थांबते, मागून दोन-तीन इंजिनं सावकाश येऊन शेवटच्या डब्याला लागतात. हे बँकर. जोडणी होते, ब्रेकचा दाब तपासला जातो, पुढच्या आणि मागच्या इंजिनांतले लोको पायलट एकमेकांशी बोलून घेतात आणि गाडी निघते. सगळी इंजिनं पुढे का लावत नाहीत? कारण दोन वाघिणींना जोडणाऱ्या कपलिंगची ताकद मर्यादित असते. सगळा जोर पुढून लावला तर पहिल्या काही वाघिणींच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचं ओझं येईल. मागून ढकललं की ते ओझं वाटलं जातं. दुसरं कारण याहून महत्त्वाचं: मधेच कपलिंग तुटलंच, तर मागे घरंगळू पाहणाऱ्या वाघिणींच्या पाठीशी इंजिन उभं असतं.

बँकरची गोष्ट इथे संपत नाही. घाटमाथ्यावर सुटलेलं बँकर खाली परत आणावं लागतं आणि परत येताना तेही रुळावरची एक जागा अडवतं. दोन-तीन बँकर एकत्र जोडून उतरवतात, तरी मार्गाची क्षमता खाल्ली जातेच. बँकर लावणं, काढणं, तपासणं, त्यासाठी थांबणं आणि थांबलेल्या गाडीमागे दुसरी गाडी खोळंबणं, हे दिवसभर चालू असतं. बोरघाट आणि थळघाटात तीन-तीन मार्गिका असूनही घाट भरलेला असतो, त्याचं मोठं कारण हेच.

प्रवासी गाड्यांनी यातून वाट काढली. १९ जानेवारी २०१९ला मुंबईहून कल्याण-नाशिकमार्गे दिल्लीपर्यंत सुरू झालेल्या राजधानीला नंतर पुढे-मागे एकेक इंजिन लावून बँकरचा थांबा काढून टाकण्यात आला. १० फेब्रुवारी २०२३ला सुरू झालेल्या सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्यांत तर अनेक डब्यांखालीच मोटारी आहेत. त्या बँकरशिवाय घाट चढतात. मालगाडीला हा मार्ग नाही. तिचं वजन वंदे भारतच्या कित्येक पट असतं आणि तिच्या वाघिणी मुक्या असतात, त्यांना स्वतःचा जोर नसतो.

घाट चढण्याचं नवल सगळ्यांना वाटतं. अनुभवी माणसं मात्र उतरण्याला भितात आणि ते बरोबर आहे. चढताना काही बिघडलं तर गाडी थांबते. उतरताना बिघडलं तर गाडी थांबत नाही. लोणावळ्याहून कर्जतला उतरणारं हजार टन वजन सुमारे ५६० मीटरची उंची सोडतं. ही ऊर्जा विजेच्या हिशेबात जवळपास १,५०० युनिट भरते. तीन हजार टनांची गाडी असेल तर साडेचार हजार युनिट ऊर्जा घाटात कुठेतरी जिरवायला हवी. ती ब्रेकच्या ठोकळ्यांत गेली तर चाकं आणि ठोकळे तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड उतरते. शिवाय हवेच्या ब्रेकला स्वतःचा एक धोका आहे: लावला, सोडला, पुन्हा लावला असं लागोपाठ होत गेलं की वाघिणींखालच्या टाक्यांत दाब पुन्हा भरायला वेळ मिळत नाही आणि शेवटी ऐन गरजेला ब्रेक अपुरा पडतो. म्हणून घाटात उतरण्याची कला म्हणजे गाडीला वेग घेऊच न देणं. इंजिनाची मोटारच जनित्रासारखी फिरवून गाडी धरून ठेवायची आणि हवेचा ब्रेक राखून वापरायचा. आजची तीन-फेज इंजिनं अशा वेळी तयार झालेली वीज तारेत परत सोडतात. ती वीज घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला मिळू शकते. या घाटांतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे.

वेगमर्यादेचा खरा अर्थ इथे कळतो. घाटातली उतरणीची मर्यादा सपाटीवरच्या वेगाच्या मानाने फारच कमी असते आणि ती पाळली की नाही हे तपासण्याची सोय रुळांतच आहे. मंकी हिल, नागनाथ, जांब्रुंग, ठाकूरवाडी ही नावं बोरघाटातून जाणाऱ्याने पाट्यांवर वाचलेली असतात. तिथे ना बाजारपेठ ना वस्ती, तरी उतरणारी गाडी थांबते. तिने थांबून दाखवायचं असतं. घाटात ठरावीक जागी मुख्य मार्गापासून फुटून डोंगराकडे चढत जाणारा रुळाचा तुकडा असतो, कॅच सायडिंग. सांधा नेहमी त्या तुकड्याकडेच लावलेला असतो. गाडी सिग्नलपाशी पूर्ण थांबली, म्हणजे ती चालकाच्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. न थांबलेली, सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन अडते आणि खालच्या वस्तीवर किंवा गाडीवर जाऊन आदळत नाही. दर थांब्याला वेळ जातो. तो वेळ जायलाच हवा. घाट वेगवान करण्याच्या उत्साहात कुणी या थांब्यांवर बोट ठेवलं, तर त्याला ठामपणे नाही म्हणावं.

सपाटीवरची वेगमर्यादा मात्र वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. मनमाड-भुसावळ असो की दौंड-सोलापूर, कुठेतरी रूळ बदलायचे असतात, पुलाचं काम चालू असतं, पावसाने भराव खचलेला असतो. अशा ठिकाणी तात्पुरती मर्यादा लागते, ताशी २० किंवा ३० किलोमीटर. चालकाला निघतानाच ‘कॉशन ऑर्डर’ हातात मिळते. दोनशे मीटरच्या तुकड्याला २०ची मर्यादा आहे असं समजू. लहान गाडी चटकन निघून जाते. मालगाडी सातशे मीटर लांब असते आणि तिची शेवटची वाघीण तुकड्याबाहेर पडेपर्यंत चालकाला वेग वाढवता येत नाही. म्हणजे दोनशे मीटरची मर्यादा तिच्यासाठी नऊशे मीटरची होते. म्हणूनच रुळाकडेला मर्यादा संपल्याच्या दोन वेगवेगळ्या पाट्या असतात: जवळ प्रवासी गाडीची, लांब मालगाडीची.

यातलं दोन-तीन मिनिटांचं नुकसान सोसता येईल. खरा फटका वजनाचा आहे. पाच हजार टनांची गाडी ताशी ७५ किलोमीटरने धावत असताना तिच्या अंगात सुमारे ३०० युनिट ऊर्जा असते. तिला २०वर आणलं की त्यातली जवळजवळ २८० युनिट जाते आणि कॉशन संपल्यावर तेवढीच पुन्हा घालावी लागते. एका साध्या घराची दोन-अडीच महिन्यांची वीज एका कॉशनपायी! इंजिनाने ब्रेक लावताना काही वीज परत दिली तरी सगळी येत नाही. आणि इतक्या वजनाला पुन्हा ७५वर पोचायला कित्येक किलोमीटर लागतात. तोवर पुढचं कॉशन आलेलं असतं.

आता चढ आणि मर्यादा एकत्र आणून बघू, कारण या लेखातलं माझं मुख्य म्हणणं तिथेच आहे. सायकलवाला चढ समोर दिसला की आधीच दोन-चार पायडल जोरात मारून घेतो. मालगाडीचा चालकही तेच करतो. ताशी ७५चा वेग म्हणजे हिशेबाने २२ मीटर उंचीची शिदोरी असते. घर्षण वगळलं तर गाडी केवळ वेगाच्या बळावर तेवढी उंची चढेल. लहान चढ असे अंगातल्या वेगावर मारता येतात आणि रेल्वेच्या आखणीत त्यांचा विचारही असतो. पण त्या चढाच्या पायथ्याशी २०चं कॉशन लागलं, किंवा सिग्नल लाल मिळाला, तर शिदोरी दीड मीटरवर येते. मग कालपर्यंत एका इंजिनाने सहज चढणारी गाडी आज मध्यावर दम सोडते. पहिल्या पावसाने रूळ ओले झालेले असले तर चाकं जागच्या जागी फिरतात, चालक वाळू सोडतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी मागणी करतो: मदतीला इंजिन पाठवा. ते येईपर्यंत अख्खा मार्ग बंद. एक्सप्रेस खोळंबते, प्रवासी वैतागतात आणि स्टेशनवर ‘तांत्रिक कारणास्तव’ अशी घोषणा होते. दोष ना इंजिनाचा असतो ना चालकाचा. मर्यादा चढाच्या संदर्भात कुठे लागली आहे, हे आधी कुणीतरी बघायला हवं होतं. काम करणारं रूळ खातं आणि गाडी चालवणारं परिचालन खातं एकाच टेबलाशी बसून, मार्गाचा चढउतार समोर ठेवून कॉशनच्या तारखा ठरवतील, तर एक रुपयाही न खर्चता पुष्कळ गाड्या वेळेवर येतील.

वळणाचंही असंच आहे. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात, म्हणजे वेगात येणारी गाडी बाहेर फेकली जात नाही. ही उंची एक्सप्रेसच्या वेगाला जुळवली तर संथ मालगाडी आतल्या रुळावर कलते आणि तो रूळ झिजवते. मालगाडीला जुळवली तर एक्सप्रेसला वेग कमी करावा लागतो. एकाच रुळावरून दोघींना नेण्याची ही किंमत आहे. तडजोडीत बहुतेकदा मालगाडी मागे राहते. तिला बाजूच्या लूपवर टाकून जलद गाडीला वाट देतात. थांबलेली गाडी पुन्हा हलवायला सर्वांत जास्त ओढ लागते, आणि लूपच्या पुढे लगेच चढ असेल तर पुन्हा तोच प्रकार. भारतीय मालगाडीचा सरासरी वेग वर्षानुवर्षं ताशी २५ किलोमीटरच्या आसपास रेंगाळला, तो इंजिनं दुबळी होती म्हणून नव्हे. थांबणं आणि पुन्हा निघणं, यातच तिचा दिवस जातो.

कोकण रेल्वेने वेगळा निर्णय घेतला. २६ जानेवारी १९९८ला पूर्ण खुल्या झालेल्या या मार्गाची आखणी ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली १५०ला १च्या चढावर झाली. त्यासाठी नव्वदीच्या घरात बोगदे खणले गेले, त्यात साडेसहा किलोमीटरचा करबुडे. पानवल नदीवर ६४ मीटर उंच पूल उभा राहिला. हा मार्ग सह्याद्री चढत नाही, त्याच्या पायाशी समांतर जातो, ही सोय होतीच. पण कोकणातल्या डोंगररांगा आणि खाड्या काही सपाट नव्हत्या. कमी खर्चात उभा-आडवा मार्ग करता आला असता. तो मोह टाळला म्हणूनच २६ जानेवारी १९९९पासून कोलाड-वेर्णा दरम्यान भरलेले ट्रकच्या ट्रक वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा चालू शकली. निसर्गाने आपली मर्यादा तिथेही लावलीच. २००३मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४मध्ये करंजाडीजवळ पावसात झालेल्या अपघातांत माणसं गेली. आता पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की चालकाला ताशी ४०च्या आत राहायचं असतं. या मर्यादेला कुणी उशीर म्हणू नये.

ब्रागांझा घाटाची कहाणी अवघड आहे. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे याच घाटाने चढतो, पुढे-मागे इंजिनं लावून, दूधसागराला वळसा घालत. चढ ३७ला १. क्षमता वाढवायची तर दुहेरी मार्ग हवा, आणि तो मोले अभयारण्याच्या जंगलातून जातो. गोव्यातल्या लोकांनी विरोध केला आणि मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंजुरी रद्द केली. मला तो निर्णय योग्य वाटतो. चुकीच्या चढावर दुसरा तसाच चढ घालून जंगल कापण्याने ना रेल्वेचा प्रश्न सुटला असता ना जंगल उरलं असतं.

न्हावाशेव्याहून दादरीला निघालेल्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाने मात्र धडा घेतला आहे. १,५०० किलोमीटरांचा हा मार्ग २००ला १च्या चढावर आखलेला आहे. एकावर एक असे दोन कंटेनर ठेवून ताशी १०० किलोमीटरपर्यंत गाडी नेण्याची त्याची क्षमता आहे, आणि एक्सप्रेसला वाट देण्यासाठी तिथे कुणाला लूपवर थांबावं लागत नाही. पण हा मार्ग वसईकडून उत्तरेला वळतो, सह्याद्री चढत नाही. म्हणजे बंदर महाराष्ट्रात असूनही चपळ मार्ग गुजरात, राजस्थान आणि हरियाणाकडे जातो, आणि चाकणचा कंटेनर बहुतांशी ट्रेलरवर बसून खंडाळ्याच्या घाटात वाहनांच्या रांगेत उभा राहतो. १९५०च्या सुमारास देशातला ८० टक्क्यांहून जास्त माल रेल्वे वाहत होती. आज तो हिस्सा ३० टक्क्यांच्या आत आहे. याची कारणं अनेक आहेत. आपल्या राज्यापुरतं बघायचं, तर बोर आणि थळ या दोन घाटांतला उभा चढ त्यांत नक्की आहे.

मध्य रेल्वेने कसारा आणि मनमाड यांच्या दरम्यान १००ला १च्या चढाच्या दोन नव्या मार्गिकांचा प्रस्ताव पुढे आणला आहे. थळघाटातली सुमारे ३०० मीटरची उंची या चढाने गाठायची तर जवळपास ३० किलोमीटर लांबी लागते, आजच्या दुप्पट, आणि त्यातला मोठा भाग बोगद्यांचा असेल. म्हणजे खर्च भरपूर. पाच हजार टनांच्या गाडीला तिथेही दोन इंजिनं किंवा एक बारा हजार अश्वशक्तीचं इंजिन लागेलच. तरीही आज १३५ टन मागणारी चढण ५० टनांवर येईल, बँकरची ये-जा संपेल आणि घाटातल्या जुन्या मार्गिका प्रवासी गाड्यांना मोकळ्या होतील.

अशा प्रकल्पात पुढे काय होतं ते आपण पाहत आलो आहोत. अंदाजपत्रक फुगतं, कुणीतरी एक बोगदा गाळायला सांगतं, कुणीतरी चढ ‘थोडासा’ वाढवायला सांगतं. १००चा ८० होतो, ८०चा ६०. उद्घाटनाच्या दिवशी तो फरक कुणालाच दिसत नाही. पण बर्कलीच्या हातात डायनामाइट नव्हतं म्हणून आपण दीडशेहून अधिक वर्षं मागून इंजिनं लावत आलो; आपल्या हातात बोगदे खणणारी यंत्रं आहेत. नाशिक आणि पुण्याच्या खासदारांनी, उद्योजकांच्या संघटनांनी आणि शेतमाल बाजारांच्या प्रतिनिधींनी नव्या घाटमार्गाबद्दल विचारताना किती कोटी आणि किती साली, एवढंच विचारू नये. चढ किती ठेवला आहे, हे आधी विचारावं आणि उत्तर १००ला १पेक्षा उभं आलं तर आराखडा परत पाठवायला लावावा.